सही करण्याआधी: सोलापुरात कॅन्सरच्या उपचारांना पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक ठरलेला प्रकार होतो. सिस्टर फाइल घेऊन येतात, “मामा, इथं, इथं आणि मागच्या पानावर सही करा.” मामा चष्मा शोधतात. मुलगा म्हणतो, “करा हो, डॉक्टरांना कळतंय सगळं.” दोन मिनिटांत काम उरकतं, आणि उद्या आपलं नेमकं काय कापणार आहेत हे मामांना विचारलं तर “गाठ काढणारेत” एवढंच ते सांगू शकतात.

संमती त्या कागदात नसते. ती आधीच्या चार-आठ दिवसांत डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यात असते, सही ही फक्त त्याची पोच. बोलणंच झालं नसेल तर पोच कशाची द्यायची? म्हणून या लेखातलं बहुतेक सगळं सहीच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे.

सोलापुरात उपचाराला येणारे फक्त शहरातले नसतात. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याहून लोक येतात, तुळजापूर-उमरग्याकडून येतात, सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीहूनही येतात. कुणी सिव्हिलला दाखवतं, कुणी खासगीत, कुणी पुढं बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला जातं, तर कुणी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबईला टाटाला. आजार आपल्या भागाला नवा नाही. बार्शी परिसरात गावोगावच्या कॅन्सरची नोंद १९८७ पासून ठेवली जाते आणि ग्रामीण भागातली अशी ती देशातली पहिली नोंदणी. दवाखाना कोणताही असो, खालचं सगळीकडे लागू पडतं.

आधी घरातला प्रश्न सोडवा

“आईला काही सांगू नका डॉक्टर, ती खचेल.” हे वाक्य प्रत्येक कॅन्सर ओपीडीच्या दाराबाहेर रोज बोललं जातं. मागची माया खरी असते. पण पुढं काय होतं बघा. आईला साधी गाठ आहे म्हणून सांगितलेलं असतं, तिसऱ्या आठवड्यात केस गळायला लागतात, शेजारच्या खाटेवरची बाई विचारते, “तुमची कितवी केमो?” आईला तिथं कळतं, परक्या माणसाकडून. त्यानंतर ती घरच्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि खचायची ती खचतेच.

कायदाही इथं स्पष्ट आहे. १८ वर्षांवरच्या, शुद्धीत असलेल्या, समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दलची संमती त्याचीच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये हे ठासून सांगितलं. ४४ वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन त्यांचं गर्भाशय काढण्यात आलं. बाई सज्ञान होत्या, जीव तातडीनं धोक्यात नव्हता, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची संमती न्यायालयानं ग्राह्य धरली नाही. सख्ख्या आईची चालत नाही, तिथं नवऱ्याची, दिराची, थोरल्या मुलाची कशी चालेल? नातेवाइकाची सही दवाखाने साक्षीदार म्हणून आणि बिलाच्या जबाबदारीसाठी घेतात, ती द्यावी. पण ती पेशंटच्या सहीऐवजी नसते.

म्हणजे आईसमोर रिपोर्ट धाडकन वाचून दाखवायचा असं नाही. तिलाच विचारा, “तुला सगळं कळायला हवंय, की डॉक्टरांनी आमच्याशी बोलावं?” कितीतरी वडीलधारी माणसं म्हणतात, “थोरल्याला विचारा, मला नका सांगू.” तेही चालतं, कारण हे त्यांनी स्वतः ठरवलं. ओपीडीत डॉक्टरांसमोर त्यांच्याच तोंडून ते येऊ द्या आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा.

ओपीडीत जाताना

एक प्लॅस्टिकची फाइल घ्या. कागद तारखेनुसार लावा, सगळ्यात जुना खाली. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट वेगळ्या कप्प्यात, तो सारखा लागतो. शंभर पानी वही आणि पेन. सोबत एकच माणूस, दर वेळी शक्यतो तोच. पाच जण आत गेले की पाच जण पाच गोष्टी ऐकून बाहेर येतात आणि मग चहाच्या गाड्यावर वाद घालत बसतात. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा. “घरी जाऊन आईला ऐकवायचंय” म्हटलं की बरेच डॉक्टर हो म्हणतात.

आपल्याकडूनही माहिती पूर्ण द्यायची. बाप्ये तंबाखू, मावा सांगतात, पण बायका मिसरीचं सांगत नाहीत, त्यांना ते व्यसन वाटतच नाही. साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पट्ट्याच घेऊन जा. वैद्याचा काढा, झाडपाला, कुणी दिलेली पुडी, सगळं सांगा. त्यातल्या काहींचा यकृतावर परिणाम होतो आणि केमोचं गणित बिघडतं. डॉक्टर रागावतील ही भीती असेल तर एकदा रागावू द्या.

बायोप्सीला “सुई लावली की आजार पसरतो” म्हणून नकार देणारे अजून भेटतात. बायोप्सीशिवाय बहुतेक वेळा कोणता कॅन्सर आहे हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर केमो सुरू करत नाही. तुकडा कुठून नि कसा घ्यायचा याचा विचार डॉक्टरांनी केलेला असतो. शंका असेल तर तीही विचारून घ्या, मनात ठेवून पळून जाऊ नका.

काय विचारायचं

डॉक्टरांनी किती सांगायला हवं, हेही त्या २००८ च्या निकालात आहे. उपचार काय नि कसा, तो कशासाठी, त्याचा फायदा आणि परिणाम काय, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारी प्रत्येक गुंतागुंत सांगत बसावं अशी न्यायालयाचीही अपेक्षा नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न म्हणून उतरवा आणि प्रत्येकापुढं उत्तरासाठी जागा सोडा.

या सगळ्यात एक प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे आणि तोच विचारला जात नाही: “हा उपचार आजार मुळातून जावा म्हणून आहे, की आजार आटोक्यात राहावा, त्रास कमी व्हावा म्हणून?” केमो म्हटलं की बरं होण्यासाठीच असणार, असं सगळे गृहीत धरतात. शिकले-सवरलेलेही. अमेरिकेत पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या १,१९३ पेशंटना याबद्दल विचारलं गेलं, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८१ टक्के पेशंट, या केमोनं आपला आजार बरा होण्याची शक्यता अजिबात नाही हे समजून नव्हते. तिकडं ही गत, तर आपल्या पन्नास पेशंटांच्या रांगेत काय होत असेल! उत्तर “आटोक्यात ठेवण्यासाठी” असं आलं तर तो उपचार वाया आहे असं नाही. आयुष्य वाढतं, दुखणं कमी होतं, जेवण जातं. पण शेत विकायचं की नाही, मुलीचं लग्न अलीकडं घ्यायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.

टक्के सांगितले तर माणसांत करून घ्या. “साठ टक्के सक्सेस” ऐकून घरी काहीच कळत नाही. विचारा, “माझ्यासारखे दहा पेशंट असतील तर पाच वर्षांनी किती जण ठीक असतात?” आणि सक्सेस कशाचं तेही: गाठ लहान होण्याचं, की आजार जाण्याचं? दोन्ही वेगळं. स्टेज आणि ग्रेडही वेगळे. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय, ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात. “ग्रेड तीन” वाचून तिसरी स्टेज समजून रडारड केलेली घरं आहेत. रिपोर्टात “पॉझिटिव्ह” दिसलं म्हणून पेढे आणू नका आणि हायही खाऊ नका. कशाला पॉझिटिव्ह, ते विचारा. स्तनाच्या कॅन्सरात हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर गोळ्यांचा जादा मार्ग मिळतो. ऑपरेशननंतर कापलेली कड पॉझिटिव्ह असेल तर आजार शिल्लक राहिल्याची शक्यता असते.

मग सगळ्यात व्यवहारी प्रश्न: “यानंतर मी काय करू शकणार नाही?” आपल्याकडं तोंडाचे कॅन्सर भरपूर, म्हणून त्याचंच घेतो. “जबड्याचं ऑपरेशन” या दोन शब्दांत यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला काय दिसतं? दात काढल्यासारखं काहीतरी. प्रत्यक्षात जबड्याच्या हाडाचा भाग काढावा लागू शकतो, मानेतल्या गाठी काढतात, छातीचं किंवा पायाचं मांस लावून भोक बुजवतात, काही दिवस नाकातल्या नळीतून पातळ जेवण, कधी श्वासासाठी गळ्याला भोक. नंतर तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसानं हे आधी ऐकायला हवं, नळी लागल्यावर नव्हे. चेहरा कसा दिसेल ते चित्र काढून दाखवा म्हणा. बरेच सर्जन कागदावर दोन रेघांत फार छान समजावतात. शेक, म्हणजे रेडिएशन, असेल तर त्याआधी दात तपासून घ्यायचे का हेही विचारा, कारण शेकानंतर दात काढणं अवघड होऊन बसतं.

स्तनाचा असेल तर पूर्ण स्तन काढायचा की गाठ काढून बाकीचा राखता येईल. गुदाशयाचा असेल तर पोटावर पिशवी लागणार का, कायमची की काही महिन्यांची. स्वरयंत्राचा असेल तर आवाज राहणार का. आणि पेशंट तरुण असेल, लग्न व्हायचं असेल, मूल हवं असेल, तर केमोच्या आधी हे बोलायलाच हवं. तरुणांचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं, मुलींसाठीही मार्ग असतात. सासू-सासरे खोलीत असताना सुनेनं हे कसं विचारायचं? त्यांना जरा बाहेर बसवा.

समजलं का, ते उलट सांगून बघा

डॉक्टर विचारतात, “समजलं ना?” आपण मान हलवतो. मोठ्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. त्याऐवजी उठण्याआधी म्हणा, “डॉक्टर, मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा.” आणि आपल्या भाषेत सांगा: “आधी तीन केमो, एकवीस दिवसांच्या अंतरानं. मग परत स्कॅन. गाठ लहान झाली तर ऑपरेशन, नाही झाली तर दुसरं औषध.” एक मिनिट लागतो. गर्दीतही डॉक्टर याला वैतागत नाहीत, उलट त्यांचा पुढचा त्रास वाचतो. हे पेशंटनंच सांगावं, मुलानं नाही.

सोलापुरात भाषेचा घोळ वेगळाच आहे. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या आजीला बाजारापुरतं मराठी येतं, पण दुखणं तेलुगूतच सांगता येतं. अक्कलकोटकडच्या अज्जी कन्नड बोलतात. मग नववीतला नातू मधे उभा करतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे हे त्या पोरानं आजीला कोणत्या शब्दांत सांगायचं? तो लाजतो, अर्धं गाळतो, उरलेलं गोड करून सांगतो. या गावात जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय सापडतात. सिस्टरना विनंती करा. मोठं, बाहेरचं, शब्द न गाळणारं माणूस हवं.

आता कागद

कागद एक नसतो. भरती होतानाचा सर्वसाधारण, ऑपरेशनचा, भुलीचा, रक्त चढवायचा, केमोचा, रेडिएशनचा असे वेगवेगळे असतात. भरतीच्या कागदावरच्या सहीत ऑपरेशन येत नाही. मराठी फॉर्म आहे का विचारा. नसेल तर वाचून, समजावून घ्या.

रिकाम्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नका. ती कोऱ्या चेकवरची सही आहे. ऑपरेशनचं नाव, कोणत्या बाजूचं, डॉक्टरांचं नाव हे भरलेलं हवं. सहीखाली स्वतःच्या हातानं तारीख आणि वेळ घाला. अंगठा असेल तर वाचून दाखवल्यावर, साक्षीदारासमोर.

कॅन्सरच्या ऑपरेशनात एक ओळ नीट बघायची: “गरज पडल्यास पुढील शस्त्रक्रिया”. ही ओळ फसवी असतेच असं नाही. कधी कधी टेबलवर गाठीचा तुकडा ताबडतोब तपासायला पाठवतात आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत पुढचं ऑपरेशन करतात. दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. अशी एकत्र संमती आधी घेता येते, हे न्यायालयानंही मान्य केलंय. फक्त “पुढील” म्हणजे काय, ते शब्दांत लिहून घ्या. स्तन काढायला तुमची तयारी नसेल, शुद्धीवर आल्यावर ठरवायचं असेल, तर तसं लिहा. तो अधिकार आहे.

“हाय रिस्क” संमतीला लोक फार घाबरतात, नाहीतर उलट समजतात की आता काहीही झालं तरी डॉक्टर सुटले. वय, हृदय, साखर यांमुळे धोका जास्त आहे हे तुम्हाला सांगितलं, एवढंच तो कागद म्हणतो. निष्काळजीपणाला त्यानं माफी मिळत नाही. बेशुद्ध माणसाचा जीव तातडीनं धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी अडून बसत नाहीत, बसूही नये.

पैसे, वेळ, दुसरं मत

खर्च न कळता दिलेली संमती अर्धीच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा, किंवा १५५३८८ ला फोन करा. कोणती तपासणी, कोणतं औषध योजनेबाहेर पडेल हे तोंडी नको, लिहून. तोंडाच्या किंवा गळ्याच्या शेकाला आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे यावं लागतं. सांगोल्याहून रोज एसटीनं जाणं-येणं झेपणार का, की गावात खोली बघायची, हेही त्याच दिवशी ठरवा.

“विचार करायला किती दिवस चालतील?” हा प्रश्न बिनधास्त विचारा. बहुतेक गाठींच्या कॅन्सरात चार-आठ दिवसांनी बिघडत नाही. मात्र रक्ताचा तीव्र कॅन्सर, श्वास अडकणं, मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडणं, थांबत नसलेला रक्तस्राव यांत वाट बघायची नसते. आणि चार-आठ दिवस म्हणजे झाडपाल्याचे चार महिने नव्हेत.

दुसरं मत घेणं हा डॉक्टरांचा अपमान नाही. जाताना फक्त रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या काचा आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ठोकळेही पॅथॉलॉजी लॅबमधून मागून घ्या. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात. ते न नेल्यामुळं मुंबईची एक फेरी फुकट जाते.

“एका अभ्यासात भाग घ्याल का?”

असं विचारलं तर दोन टोकं टाळा: “आमच्यावर प्रयोग” म्हणून घाबरणं, आणि “फुकट औषध” म्हणून लगेच हो म्हणणं. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे केंद्राचे नियम आहेत. भाग घेणं ऐच्छिक असतं, कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळं नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळं इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत. संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. चाचणीत नाही गेलो तर कोणता उपचार मिळेल, हे आधी विचारा.

सही झाल्यावर

केमोला सही केली की एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच रात्री दवाखाना. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हाचा ताप क्रोसिन देऊन झोपवायचा नसतो. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि करमाळ्यात असाल तर आधी जवळ कुठं जायचं, हे डिस्चार्जच्या आधी विचारा. घरात थर्मामीटर हवाच.

दिलेली संमती मागे घेता येते. औषध बदललं, ऑपरेशन वाढलं, आजार परत आला, की सगळं बोलणं नव्यानं व्हायला हवं. जुनी सही नव्या उपचाराला पुरत नाही. पुढची केमो नको वाटत असेल तर गपचूप यायचं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, न घेतल्यानं काय होईल ते ऐका, आणि वेदना कमी करण्याचे उपचार मागा. ते शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवायचे नसतात. मॉर्फिनच्या गोळीचं नाव ऐकून दचकायचंही कारण नाही, डॉक्टरांच्या देखरेखीत ती दुखण्यावर नीट चालते.

केसपेपर, संमतीपत्रं, ऑपरेशनच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक रेकॉर्ड विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन तीच फाइलमध्ये लावा.